उजवा पंजा

४ फेब्रुवारी १९५२, मानवत

डाव्या हातानं लिहायलेय. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलंय. येऊ दे.

काल ओसरीवर ह्यांच्या धान्याच्या आडतीतले चौघं बसले होते. मतदान झाल्यापासून ह्यांचा एकच वाद — बाईला मताचा हक्क दिला, बळ कुठून देणार? लिंबाजी ह्यांना म्हणाला, "शिवाप्पा, खळ्यावर बाया गड्याच्या बरोबरीनं राबत्यात की." ह्यांना सोसलं नाही. मला चुलीपासून हाक मारली. "ये, बस. पंजा लाव." परक्या चौघांसमोर! पिठाचे हात पुसूही दिले नाहीत.

लावला. वाटलं, लगेच पाडतील. पण माझा हात पडेना. जातं ओढून मनगट एवढं तयार झालंय, मला तरी कुठं ठाऊक होतं? ह्यांना घाम फुटला. लिंबाजी हसला. मग ह्यांनी दुसराही हात लावला नि पिरगाळलं. कट्ट आवाज आला.

"बघा, हे बाईचं हाड," म्हणाले, नि पान मागितलं.

५ फेब्रुवारी

हाडवैद्यानं कामट्या बांधल्या. सासूबाई म्हणतात, "पाडून घ्यायचा की हात. नवऱ्याफुडं कशाला जोर दावायचा?"

डाव्या हातानं भाकरी थापल्या. जाड झाल्या म्हणून ह्यांनी ताट सरकवलं.

२० फेब्रुवारी

बाजारात कुणीतरी ह्यांना विचारलं म्हणे — "बायकोला दोन हात लागले का?" आल्यापासून जेवले नाहीत. मला म्हणाले, "बरा हू दे तुझा हात. मंग दावतो."

२२ फेब्रुवारी

आडतीत सगळ्यांना दाखवायला ज्वारीचं भरलं पोतं एकट्यानं डोक्यावर घ्यायला गेले. पोतं मानेवर आलं. चौघांनी उचलून घरी आणलं. बोलतात, पण मानेखाली काही हलत नाही. सासूबाई ऊर बडवायल्यात. मला रडू येईना, काय करू? पाणी तापवत बसले.

१४ एप्रिल

कामट्या सुटल्या. हाड वाकडं जुळलंय, पण उचलायपुरता जोर आलाय. आता नवऱ्याला मीच उचलते. बगलेत हात घालून न्हाणीपर्यंत ओढत नेते. लय हलका झालाय.

२ मे

सासूबाई मठात गेल्या की मी त्याचा उजवा हात पाटावर उभा करते. माझी बोटं त्याच्या बोटांत घालते. "लावा पंजा," म्हणते. पाडते. परत उभा करते, परत पाडते. त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. "बस कर गं, बसम्मा. मी माणूस हाय." मी म्हणते, "बघा, हे गड्याचं हाड."

मग जाड भाकर भरवते. बरं वाटतं. पाप लागलं तर लागू दे.

१९ मे

आजपण. वीसदा पाडला.

११ जून

पंजा लावला. हात पडला नाही. ह्यांनी माझी बोटं धरली ती अजून सोडेनात.

सासूबाईंनी मठातून आल्या आल्या माझी दृष्ट काढली. "रोज त्याचा हात हलवलास म्हणून जीव आला गं त्यात."

डाव्या हातानं लिहायलेय.