तुझ्या कपाटातला आवाज

प्रिय दादा,

माझे जुने कपडे कुणाला तरी देऊन टाका, असं तू फोनवर म्हणालास आणि मी हो म्हटलं. पण ते जमायचं नाही. मी तुझ्या कपाटात बसून पोट भरते.

कारखाना बंद पडून माझी नोकरी गेल्यावर घरबसल्या काय काय करून पाहिलं, ते जाऊ दे. आता कंपन्यांच्या फोनवर ऐकू येणारे निरोप मी रेकॉर्ड करते. खोलीत आवाज घुमतो, तुझ्या जाड कोटांमध्ये घुमत नाही. दार ओढलं की अंधार, लोकरीची ऊब, आणि माझाच आवाज पाण्याखालून आल्यासारखा मऊ. आईला वाटतं, मी आत तुझ्या आठवणीनं रडते. बिचारी बाहेर भांडंसुद्धा वाजू देत नाही. मीही तिला काही सांगत नाही. कामाला शांतता लागते.

हे पत्र तुझ्या राखाडी कोटाच्या खिशात ठेवतेय, कधी घरी आलास की सापडेल.

कधी कुठं फोन लावलास आणि एखादी बाई म्हणाली, ‘कृपया फोन ठेवू नका, आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात,’ तर ठेवू नकोस. वाक्य कंपनीनंच लिहून दिलंय. पण ते म्हणताना मी तुझी बाही धरून बसलेली असते.

तुझी,
धाकटी