ऋजुताच्या क्लासबद्दल, अजिबात न जळता

नाही गं शैलाआत्या, जळत नाहीये मी. फोनवर तू हसत सुटलीस आणि विषय पोह्यांवर नेलास, म्हणून आता लिहूनच काढतोय. (नमस्कार राहिलाच. वरच्या रिकाम्या जागेत मी वाकलोय असं समज. पुण्याला लेकीकडे गुडघ्याला आराम आहे ना? आणि माझं मराठी इंग्लिश मीडियमचं आहे, चुका मोजू नकोस.)

तुला माहीतच आहे, गेल्या वेळी सर्जरीच्या तोंडी परीक्षेत मी बाकी सगळीकडे तरलो आणि युरोलॉजीच्या टेबलवर आडवा झालो. माझ्याच बॅचची ऋजुता त्याच टेबलवरून हसत उठली. डिसेंबरमध्ये परत बसतोय. या वेळीही राहिलो तर इंदूरची ठरलेली नोकरी दुसऱ्याला जाणार. शिकवलं की आपलं पक्कं होतं, म्हणून इथे देवासला ज्युनिअर डॉक्टरांसाठी दर रविवारी युरोलॉजीचा क्लास काढला. दोनशे बारा स्लाइड्स, आत्या. किडनी निळी, मूत्राशय पिवळं, प्रोस्टेटचं शेडिंग तर मी स्वतः केलं. पहिल्या रविवारी अकरा जण आले, दुसऱ्या रविवारी चार, तिसऱ्या रविवारी एकटी कोमल, तीही चार्जर विसरली होती म्हणून. जाता जाता म्हणाली, "सर, बुरा मत मानना, आम्ही सगळे धारला ऋजुता मॅडमकडे जातो." दोन बस बदलून जातात गं. माझ्याकडे कूलर आहे.

आणि मॅडम क्लास घेतात कुठे, तर तुझ्या घराच्या वरच्या हॉलमध्ये. किल्ली तू दिलीस. (मी काही म्हणत नाहीये.)

तर गेल्या रविवारी मी धारला गेलो, तुझं छत गळतंय का ते बघायला. वर चटईवर तुझ्या गल्लीतले रिटायर्ड कंपाउंडर गणपतराव आडवे. ऋजुताची पद्धत अशी की ते पेशंट होतात आणि मुलांनी आधी हातांनी काय करणार ते सांगायचं, पुस्तकातलं मागाहून. मी दाराशीच उभा होतो, तर म्हणते, "ये अजेय, तूच दाखव. काकांना सकाळपासून लघवी झालेली नाही, पोट फुगलंय."

मी सुरू केलं. कारणं तीन प्रकारची, पहिल्या प्रकारात पाच. गणपतराव कण्हत होते (चांगले कण्हतात). माझ्या चौथ्या कारणाला ते उठून बसले, "भिया, आप गिनते रहो, मैं तब तक हो के आता हूँ," म्हणाले आणि खरंच गेले. लघवी अडकलेला पेशंट चालत बाथरूमला. ऋजुता शांतपणे म्हणाली, "बघा, सरांच्या नुसत्या बोलण्याने सुटली." लोक हसले. एवढं हसण्यासारखं नव्हतं. उत्तर म्हणजे आधी नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं, माणूस मोकळा झाला की मग कारणं. येतं मला ते. पण परीक्षेतही अगदी अशीच तोंडातून आधी कारणंच निघाली होती.

मग तिने अपघाताचा पेशंट दिला, लघवीच्या जागी रक्ताचा थेंब. कोमल ताडकन म्हणाली, "हात मागे. आतली वाट फाटली असेल, नळी घालणार नाही, आधी आत डाय भरून एक्स-रे." बरोबर. अगं, हे माझ्या सत्त्याण्णव नंबरच्या स्लाइडवर होतं, लाल चौकटीत. तेव्हा हिला जांभई आली होती.

परत येताना बसमध्ये कोमलने मला सीट दिली. ते तर फारच लागलं.

तुझा भाचा,
अजेय

ता. क. हॉल पेंट करायचाय असं तू ऋजुताला कळवू शकतेस. पेंटर फक्त रविवारीच मिळतो म्हणून सांग.

ता. क. (दुसरा) पेंट राहू दे. पत्र खरं याच्यासाठी आहे. तिच्याकडे बाराच जागा असतात, एक रिकामी आहे. ती मला द्यायला सांग. माझं नाव तुलाच सुचलं असं दाखव.

ता. क. (तिसरा) पाकीट चिकटवणार तेवढ्यात कोमलने सांगितलं की नवीन माणसाने पहिले दोन रविवार गणपतरावांच्या जागी झोपायचं असतं, पेशंटला खालून काय काय ऐकू येतं ते कळावं म्हणून. म्हणजे माझेच ज्युनिअर माझं पोट दाबणार, आणि मला न विचारता माझ्याबद्दल बोलणार. डिसेंबर काही माझ्यासाठी थांबणार नाही. तू माझ्या जागी असतीस, तर झोपली असतीस का गं?