विहीणबाईंविरुद्ध दिलेलं मत

आदरणीय ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. दाजींनाही सांग. इकडे शिवणयंत्राचा पट्टा आणि माझा उजवा गुडघा दोन्ही कुरकुरतात, पण चालतात. तुझ्या प्रकृतीची चौकशी इथे मुद्दाम करत नाही. सोमवारी तू छातीच्या तपासणीला गेली होतीस, हे विसरलेलो नाही. ते खाली येईल. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हा कागद.

आधी रविवारचा तो लांडग्याचा खेळ. तुझी बाजू तुला ठाऊक आहे, आता माझी ऐक. नातीने आपल्या सहा जणांना फोनवर जमवून गुपचूप पानं वाटली: एक लांडगा, बाकी गावकरी. लांडग्याने दर फेरीत एकाला खायचं, उरलेल्यांनी बोलून बोलून त्याला ओळखायचं आणि मत देऊन हाकलायचं. मी कापडं बेततो त्या टेबलावर फोन इस्त्रीला टेकवून बसलो (इस्त्री गार आहे का, हे आधी बघायला हवं होतं) आणि मापाची वही उघडली. छाती, कंबर, बाही या रकान्यांत कोण अडखळलं, कोण कोणावर घसरलं, सगळं टिपलं. पहिल्याच फेरीत भाची गेली. मग आपण सगळ्यांनी दुकानातल्या काजेवाल्याला हाकललं, कारण तो गप्प होता (बिचाऱ्याच्या तोंडात टाचण्या होत्या). तो निघाला साधा गावकरी.

मग फोन हातात घेऊनच पलीकडच्या खोलीत सूनबाईकडे गेलो आणि कुजबुजलो, की मला तुझ्या आईचाच संशय येतो, विहीणबाई आज फार गोड बोलतायत, हे त्यांच्या स्वभावात बसत नाही. फोनचा आवाज बंद करायचा राहिला होता. फोनमधून विहीणबाई म्हणाल्या, "व्याही, तुमचा आवाज अगदी स्वच्छ येतोय हो!" तेवढ्यात लांडग्याने सूनबाईलाही खाल्लं. मी टेबलाशी परतलो. उरलो तिघे: मी, त्या आणि तू. एक मत चुकलं की गाव संपलं. घड्याळात तीस सेकंद. विहीणबाई रडकुंडीला आल्या, "अहो, शपथेवर सांगते, मी नाही! तुमच्या ताईंना विचारा की जरा!" मी विचारायला लागलो, "ताई, तू..."

"छे रे, मी कुठली लांडगा! तू जेवलास का?"

"हो," म्हणालो, सवयीने वहीत टिपलं आणि विहीणबाईंच्या नावावर बोट दाबलं. पडदा लाल झाला: लांडगा जिंकला. पोटच्या पोरीला पहिल्या घासात खाणारी तू, खो खो हसत होतीस.

मीही हसलो. मंगळवारपर्यंत. मंगळवारी फोनवर मी म्हणालो, "तपासणीचं काय..." आणि तू म्हणालीस, "काही नाही रे, सगळं व्यवस्थित आहे. तू जेवलास का?"

तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. मापाची वही काढली. रविवारी तुझ्या नावापुढे मीच लिहिलेलं होतं: 'प्रश्न संपायच्या आत उत्तर. जेवणाची चौकशी. वेळ दुपारी साडेचार.' तीन ओळी टिपल्या आणि वाचली एकही नाही. मग आठवलं, मी नऊ वर्षांचा असताना दवाखान्यातून तू एकटीच परत आलीस आणि म्हणालीस, आई उद्या येईल घरी, तू जेवलास का?

तुझा,
धाकटा

ता.क. विहीणबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना अस्तराचं जाकीट शिवून द्यायचं कबूल केलंय. माप सूनबाई घेईल.

ता.क. दुसरा. तपासणीचे कागद दाजींना काढून ठेवायला सांग. शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. नको म्हणू नकोस, मत देऊन झालंय.

ता.क. तिसरा. दाराशी आलो की जेवलास का म्हणून खुशाल विचार. जेवून येणार नाही.