मांजरा नदीचे चित्र माझ्या वर्गातले

मी, जगदेवी मन्मथअप्पा बिरादार, वय ७१, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार निलंगा, जि. लातूर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहिते. मोतीबिंदू काढल्यापासून नजर स्वच्छ आहे; लिहिलेले मला नीट दिसते.

१. राहते घर स्वकष्टार्जित आहे. मला मूलबाळ नाही. माझ्या पश्चात घर व बँकेतली शिल्लक भाची आरती हिची. ऑपरेशनला लातूरला तिनेच नेले. घर विकले तरी माझी हरकत नाही.

२. रंग, ब्रश आणि मुलांच्या चित्रांची लोखंडी पेटी दीपमाला हिला द्यावी. आज ती उमरीला शिक्षिका आहे. माझ्या चौथीत होती तेव्हा तोंड उघडत नसे. धडा झाला की मी मुलांना तो माणसे-झाडे न काढता, नुसत्या रंगांनी आणि रेघांनी मांडायला लावी. अपूर्णांक, बाष्पीभवन, दुष्काळ, सगळे. मांजरा नदीच्या धड्याला दीपमालाने जाड तपकिरी पट्टा ओढला आणि पुढे बोटाने पुसत नाहीसा केला. म्हणाली, "बाई, हितं पाणी थकलंय." त्यानंतर ती वर्गात बोलू लागली.

३. पेटीतला एकही कागद रुद्राणीला देऊ नये. आरतीला भीड पडू नये म्हणून कारण लिहिते. रुद्राणी शेजारच्या वर्गाची शिक्षिका, माझी जिवाची मैत्रीण. हे धडे ती माझ्याकडूनच शिकली. पालकसभेत एक जण उठला, "बाई, पोरं शिष्यवृत्तीला बसवायचीत, रंग खेळाया न्हाई धाडली." मी रुद्राणीकडे पाहिले. ती म्हणाली, "मी यांना लई दिवसांपासून सांगतेय, ऐकतच न्हाईत." त्याच सकाळी माझेच रंग नेऊन तिने तास घेतला होता. माझे तास बंद झाले. भिंतींवरच्या मुलांच्या चित्रांवर चुना फिरला.

तेही मी गिळले. चित्रांचे फोटो काढायला तिने पेटी मागितली, तीही दिली. निवृत्तीनंतर दीपमालाने मला नांदेडला एका शिक्षक प्रशिक्षणाला नेले. व्याख्यान रुद्राणीचे. पडद्यावर मांजरेचे चित्र आले. "माझ्या वर्गातल्या मुलीचं," ती म्हणाली. दीपमाला उभी राहिली, "म्याडम, ती मुलगी मी हाय. वर्ग बिरादार बाईंचा होता." रुद्राणी हसली, "इतकी मुलं, कोण लक्षात ठेवणार?" आणि पुढचे चित्र लावले.

चहाच्या वेळी जवळ आली. "जगू, तुझं नाव घेतलं असतं, तर तुझे तास कुणामुळं बंद पडले तेही सांगावं लागलं असतं."

कप तसाच ठेवून आम्ही एसटी धरली.

४. मला आमच्या रीतीने माती द्यावी. रुद्राणी येईल. तिला अडवू नये. रडली तर रडू द्यावे, पाणी द्यावे. दोन शब्द बोलायला मात्र तिला उभे करू नये.

वरील मजकूर वाचून, मान्य करून सही केली.

जगदेवी म. बिरादार
निलंगा, दि. ९ फेब्रुवारी २०२५

बाईंनी आमच्यादेखत सही केली व आम्ही त्यांच्यादेखत:
१. वीरेश महालिंग स्वामी, निलंगा
२. गोदावरी माधवराव देशमुख, निलंगा