सिरुसेरीचं खारट झाड

शोळिंगनल्लूर, चेन्नई
गुरुवार

ती. स्व. शशिकलामावशीस,

अनयचा (कमरेत उसण भरलेली असूनही वाकून) शि. सा. न. वि. वि.

तुझे गुडघे काय म्हणतात? काका अजून सकाळी फिरायला जातात की नुसतेच बूट घालून पेपर वाचतात? मी खुशाल आहे असं आईला कळवलंय, तूही तेच सांग. जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या मावशीला भाचा एका झुडपाबद्दल हातानं पत्र लिहितो म्हटल्यावर तुला संशय येईलच. येऊ दे. (व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं, पण तुझा फोन तुझ्याआधी काका वाचतात.)

भव्या आठवते ना? (माझ्या ऑफिसातली, तंजावरकडची मराठी. जिचा फोटो तुला दाखवला आणि आईला नाही, ती.) तिला मागणी घालायला मी मैलापूरला तिच्या वडिलांकडे, बालाजीरावांकडे गेलो. त्यांनी पगार विचारला नाही, पत्रिका विचारली नाही. विचारलं काय, तर भाजी कुठून आणतोस! मी अभिमानानं फोन काढून दाखवला, आणि तिथेच माशी शिंकली. म्हणाले, "फोनात अस्की झाडं हिरवीच दिसतात, तंबी. आपल्या हातानं मणत्तक्काळी तोडून आण. मग पोरीचं बोलू." (अस्की म्हणजे त्यांच्या मराठीत सगळी, आणि तंबी म्हणजे बाळा.) मणत्तक्काळी म्हणजे कुठेही आपोआप उगवणारं, मिऱ्यापेक्षा थोडं मोठं, कडवट फळ. इथे चिंचेच्या कोळात त्याचं कालवण करतात, त्याला वत्तकुळंबु म्हणतात. थोडक्यात काय, माझं लग्न एका रानफळावर अडलं.

आमच्या सिरुसेरीच्या ऑफिसमागे मोकळा प्लॉट आहे. तिथे काळ्या फळांचं एक झुडूप सापडलं. झाडं ओळखणाऱ्या अ‍ॅपनं फोटो पाहून कळवलं की हे खाण्याजोगं असण्याची शक्यता चांगली आहे आणि विषारी असण्याचीही बरी आहे. ही बातमी टीममध्ये फुटली आणि अर्थातच मीटिंग लागली. मॅनेजर विश्वजितनं झुडपाच्या नावे प्रोजेक्ट उघडला, तीन रंगांचा तक्ता केला आणि टेस्टिंगच्या ऋजुताला एक फळ चाखायला सांगितलं. "मी चुका शोधते, गिळत नाही," असं म्हणून ती जेवायला निघून गेली. मग एकमतानं ठरलं की आधी बंगळूरच्या टीमनं खावं. बंगळूरनं झुडूप न बघताच "आमच्या बाजूनं हरकत नाही" अशी मेल पाठवली, आणि त्या मेलखाली सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. एवढ्या गदारोळात फळाला हात कुणी लावला नाही. मीही नाही. (अडला हरी वगैरे ठीक आहे, पण हरीनंसुद्धा विषाची परीक्षा घेतली नसती.)

शनिवार आला, दुसऱ्या दिवशी मैलापूरला जायचं, तरी पिशवी रिकामीच. अशात वाण्याकडे साबण घ्यायला गेलो, तर समोर मणत्तक्काळीची पाकिटं टांगलेली! वाळवलेली होती, म्हणून रात्रभर भिजवली. सकाळी टम्म फुगली. डब्यात भरून मैलापूर गाठलं आणि छाती काढून सांगितलं, स्वतः तोडली. बालाजीरावांनी एक दाणा तोंडात टाकला. आता मला कोण सांगणार की वाळवण्याआधी ही फळं मीठ घातलेल्या ताकात मुरवतात, आपल्या ताकातल्या मिरच्यांसारखी? "खारट कशी?" त्यांनी विचारलं. म्हटलं, समुद्र जवळ आहे ना, जमीनच खारी. "आणि ताकाचा वास?" म्हटलं, तिथे गाई चरतात.

भव्या उठून आत गेली. तिची आई कृष्णवेणीबाई पदर तोंडाला लावून बसल्या. बालाजीराव मात्र हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "असलं झाड आम्ही पाहिलं नाही की. पोंगलला अस्के येतो बघायला."

तेव्हा सोबतचा फोटो भिंग लावून बघ आणि ही मणत्तक्काळी, म्हणजे आपल्याकडची कामोणीच ना, तेवढं उलट टपाली कळव. म्हणजे पोंगलला खरं झाड तरी दाखवता येईल.

तुझा लाडका (होतो ना?)
अनय

ता. क. फोटो बघायचे कष्ट घेऊ नकोस. काल जेसीबीनं तो प्लॉट साफ केला. त्यापेक्षा पोंगलच्या आधी तूच ये आणि बालाजीरावांना खरं काय ते सांगून टाक. तुला खरं बोलायची सवय आहे, माझ्यानं एकदम जमायचं नाही.

ता. क. २. भव्या त्या रविवारपासून माझ्याशी बोलत नाही. मावशी, चेष्टा पुरे. रोज तिच्या समोरच्या टेबलाशी बसतो आणि डबा तसाच परत नेतो. मला ती हवी आहे गं. कसंही करून ये.

ता. क. ३. ऑफिसात पाकिटावर तुझा पत्ता लिहीत होतो, तेवढ्यात भव्यानं हे पत्र उचललं. उभ्या उभ्या सगळं वाचलं, वडिलांना फोन लावला आणि माझ्यादेखत त्यांना वाचून दाखवलं, गाईंसकट. (ते मराठी बोलतात, पण आपली लिपी त्यांना येत नाही; तिला शाळेतल्या हिंदीमुळे येते.) मग त्यांनी एवढंच विचारलं, "मावशीबाई कडू खातात की?"

मी हो म्हणून बसलोय. तेव्हा नक्की ये, आणि काहीही झालं तरी त्यांच्याकडचं वत्तकुळंबु खाताना तोंड वाकडं करू नकोस.