कप्तानाचा हुकूम

२६ फेब्रुवारी
आज चिसातोला ओरडताना ऐकलं. माझ्या चिसातोला! सहा वर्षांत शाळेत जिचा एक शब्द कुणी ऐकला नाही, घरातही जी माझ्या कानाशी येऊन बोलते, ती.

म्हाकूळ मासळीच्या कारखान्यातून जरा लवकर सुटले होते. सरकत्या दारामागून आवाज — "मुळ्या, डावीकडे नको! माझ्या मागं राहा. मी आहे ना." कानाला हेडफोन, तोंडाशी माईक, डोळे टीव्हीवरच्या ऑनलाइन खेळातल्या लढाईत. मी बूट हातात धरून तशीच उभी. एवढा खणखणीत आवाज इतकी वर्षं माझ्याच घरात होता!

२७ फेब्रुवारी
मुळा कोण, विचारलं. "टोळीत आहे." किती वर्षांचा? "वय विचारायचं नाही, असा नियम आहे." कुणाचा नियम? "माझा. मी कप्तान आहे, आई."

ह्यांना मासेमारीच्या बोटीवर फोन केला. म्हणाले, "कुठला थेरडा बसला असेल पलीकडे, तुला काय ठाऊक? बंद कर तो माईक." बरोबर आहे त्यांचं. पण मन होत नाही. रोज दाराआड बसून ऐकते, चोरासारखी.

४ मार्च
दाराला कडी लावून लिहितेय.

चिसातो खेळ अर्धा सोडून संडासला गेली. हेडफोन चटईवर. पाच वाजले, खांबावरच्या भोंग्यातून गावाची रोजची धून सुरू झाली — आणि तीच हेडफोनमधूनही, किंचित उशिरानं! ही धून आमच्या गावाशिवाय कुठे वाजत नाही. मग एक जाड, घोगरा आवाज : "कप्तान? आहेस ना?"

म्हणजे मुळा इथलाच. आमच्या दाराशी चालत येईल इतका जवळचा.

माझ्या फोनवरच्या पालकांच्या ॲपमधून तिचा माईक बंद केला. चार आकडे दाबले, झालं.

५ मार्च
बोलली नाही.

९ मार्च
आता माझ्याशीही बोलत नाही. जेवताना चिठ्ठी सरकवते : "सोयाबीनचा रस्सा नको."

कुदो बाईंचा फोन. अठराला सहावीचा निरोप समारंभ. एकेकाचं नाव घेणार, मुलांनी उठून मोठ्यानं 'हो' म्हणायचं. "चिसातो नुसती उभी राहिली तरी चालेल. मी लगेच पुढचं नाव घेईन, तिला अवघडायला नको." किती समजूतदार बाई. फोन ठेवून पोटभर रडले.

१६ मार्च
आजची चिठ्ठी : "मुळ्याचा निरोप घेऊ दे. पाच मिनिटं."

शेजारी बसून माईक चालू केला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, हिचं तेवढं येत होतं. "तुझाही समारंभ अठरालाच?... आवाजाला हसतात? हसू देत. नाव घेतलं की मोठ्यानं 'हो' म्हणायचं. कप्तानाचा हुकूम आहे!"

म्हणजे मुळाही सहावीतलंच पोर! आणि मी कुणाला घाबरून बसले होते.

हेडफोन काढला आणि चिसातो पांढरी पडली. स्वतःला जमत नाही त्याचा हुकूम देऊन बसली होती. मी माईक पुन्हा बंद केला नाही.

१८ मार्च
"ओइकावा तोमोए."

"हो!" पुढच्या, दुसऱ्या तुकडीच्या रांगेतून जाड, घोगरा आवाज. काही मुलं फिसकन हसली. मी तो आवाज ओळखला. चिसातोची मान वर झाली, तिनंही ओळखला.

नऊ नावांनंतर, "सासामोरी चिसातो." ती उठली. गप्प. बाईंनी पुढच्या नावासाठी तोंड उघडलं.

"हो!"

सगळी शाळा वळून बघायला लागली. तोमोए तर पुन्हा उठून उभीच राहिली.

"कप्तान?"