नळी माझ्या स्कूटीत

३ जानेवारी, शुक्रवार

अकरा गाड्या झाल्या आज. त्यातल्या चार ह्यांच्या गॅरेजातून आलेल्या, जाळी काढलेल्या. चारही पास! नंबरप्लेटचा फोटो त्यांच्या गाडीचा आणि मशीनची नळी माझ्या स्कूटीच्या सायलेन्सरात. स्कूटी बिचारी दिवसभर घुरघुरतेय. तिचा सीओ ०.२ च्या वर कधी जात नाही. गुणाची आहे माझी.

हे म्हणतात, सायलेन्सरातली ती धूर साफ करणारी जाळी म्हणजे कंपनीने गाडीच्या गळ्यात बांधलेलं लोढणं. काढली की पिकअप वाढतो, पोरं खूश. सतरा वर्षं फौजेत गाड्याच दुरुस्त केल्या ह्यांनी. आता इकडे उत्तरेत, तेलीबागेत गॅरेज आणि भिंतीला लागून माझी प्रदूषण तपासणीची टपरी. नवरा बिघडवतो, बायको पास करते. असा जोडा ब्रह्मदेवाने परत बनवला नसेल.

गीताकाकूंचं डोकं परत दुखतंय. पिठलं नेऊन दिलं, दोन घास खाल्ले आणि ओकल्या.

५ जानेवारी, रविवार

काकूंना सकाळी चक्कर आली, पडल्या. ह्यांनी आणि पंढरीनाथकाकांनी हॉस्पिटलात नेलं. देविका रडायला लागली, आजी आजी करून.

सख्खी नव्हे, पण आजीच ती. आमच्या कोरेगावकडचे दोघं, मागच्याच गल्लीत राहतात. काका फौजेत ड्रायव्हर, सुभेदार होऊन रिटायर झाले. देविकाच्या वेळी माझ्या आईला येता आलं नाही, तेव्हा ह्या बाईने चाळीस दिवस मला न्हाऊमाखू घातलं. तिला काही व्हायला नको.

७ जानेवारी, मंगळवार

काल काकूंना घरी सोडलं. हॉस्पिटलात ठणठणीत, नर्सला लिंबाच्या लोणच्याची कृती सांगत होत्या म्हणे. आज सकाळी परत आडव्या! काका म्हणाले, तिला तिथलं जेवण आवडलंय, दुसरं काही नाही. हसले मी. पण हे काय चाललंय कळत नाही. डॉक्टर म्हणतात मायग्रेन, वय, थंडी.

९ जानेवारी, गुरुवार

लिहिलंच पाहिजे.

टपरीवर गिऱ्हाईक नव्हतं, पेपर वाचत बसले. दर थंडीत येते तशीच बातमी. बंद खोलीत कोळशाची अंगीठी पेटवून झोपलेलं कुटुंब. खाली चौकट होती, लक्षणं काय: डोकेदुखी, उलटी, चक्कर, विसरायला होणं. माणूस त्या जागेतून बाहेर काढला की बरा वाटतो, परत नेला की परत तेच. आणि त्या वायूचं नाव, सीओ.

सीओ! दिवसाला वीस वेळा टाइप करते मी हे. माझ्या लेखी तो आकडा होता. मर्यादेच्या खाली की वर, एवढंच. तो माणसाला काय करतो हे मला कुणी विचारलं नव्हतं, मीही कुणाला नाही.

काकांच्या मोटरसायकलची जाळी दिवाळीनंतर ह्यांनीच काढली. काका म्हणाले होते, गाडी ओढत नाही रे. हे म्हणाले, जाळी तुंबलीये, काढून टाकतो. काका म्हणाले, तू म्हणशील तसं. आणि मी कागद दिला होता, ०.२.

१० जानेवारी, शुक्रवार

सकाळी पावणेसातला काकांकडे गेले. धुकं इतकं की गल्लीचं टोक दिसेना. थंडी नको म्हणून पोर्चला चहूकडून ताडपत्री बांधलेली. आत गाडी सुरू, एकटीच! काका चालत दूध आणायला गेलेले. आणि काकूंच्या खोलीची खिडकी त्याच पोर्चात, अर्धी उघडी. खिडकीशी पाट टाकून काकू मटार सोलत बसलेल्या. तोंड लालबुंद.

मी गाडी बंद केली. काका आले ते रागावलेच. ‘फर्स्ट परेड’ म्हणतात त्याला, फौजेत सकाळी उठून गाडी बघायची, सुरू करायची, नीट गरम होऊ द्यायची, मग ती दिवसभर कुठे जावो न जावो. बत्तीस वर्षांची सवय. दुधाला जाऊन येईपर्यंत वीस मिनिटं.

मी म्हटलं, टायर बघून देते, फुकटात. गाडी टपरीवर आणली, आणि आयुष्यात पहिल्यांदा नळी खरोखर काकांच्या गाडीत घातली. ४.८. तीनदा घातली. चार पॉइंट आठ! मर्यादा अर्ध्या टक्क्याची.

ह्यांना दाखवलं. ह्यांनी बाहेर कुणी आहे का बघितलं. मग शटर अर्धं ओढून म्हणाले, "एक अक्षर बोलायचं नाही. सरकारी आयडी तुझ्या नावाचा आहे. तू आत जाशील, देविकाला कोण बघणार?"

११ जानेवारी, शनिवार

जाळी परत लावा म्हणून पाया पडले ह्यांच्या. काढलेल्या जाळ्यांची माती, तिच्यात महागडा धातू असतो, कानपूरचा माणूस घेऊन जातो, ती केव्हाच गेली. नवीन सायलेन्सर मागवलाय, आठ दिवस लागतील. गुपचूप बसवू, कुणाला कळणार नाही म्हणतात. आठ दिवस म्हणजे आठ सकाळी!

काकांना म्हटलं, गाडी गेटबाहेर सुरू करा. म्हणाले, धुक्यात कुणी घेऊन पळालं तर?

१२ जानेवारी, रविवार

कात्रीने ताडपत्री फाडली. वीतभर नाही, चांगली हातभर, दोन ठिकाणी. काका दुधाला गेले होते तेव्हा. आता चोरासारखी वागतेय मी! संध्याकाळी बघते तर सुतळीने शिवून टाकलेली, फौजी टाका, वारा शिरेल तर शपथ. माकडं फार झालीत म्हणाले.

१३ जानेवारी, सोमवार

काकूंना म्हटलं, आमच्याकडे राहायला या आठ दिवस. नाही म्हणाल्या, आमच्या ह्यांच्या चहाचं कोण बघणार.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळाच्या वड्या केल्या होत्या काकूंनी, तशा डोक्याने! साखर घालायची विसरल्या. देविकाला म्हणाल्या, ये गं सुमन. सुमन त्यांची धाकटी बहीण, केव्हाच वारलेली. देविका माझ्याकडे बघायला लागली आणि म्हणाली, "मम्मी, आजी को क्या हो गया?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. आणि काय म्हणाले? वड्या छान झाल्यात. झडो ही जीभ माझी!

घरी आल्यावर ह्यांच्यावर ओरडले, ताट आपटलं. हेही जेवले नाहीत. ह्यांना काही वाटत नाही असं नाही. पण भ्यायलेत, आणि मीही तशीच. रोज वाटतं आज काही होणार नाही, अजून पाचच दिवस, अजून चारच.

१५ जानेवारी, बुधवार

उद्या सांगते. काहीही होवो.

१६ जानेवारी, गुरुवार

नाही सांगितलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

सव्वासातला काकांचा फोन. काकू खिडकीशी पडलेल्या, हलवलं तरी उठेनात. मी चप्पल न घालता धावले.

इमर्जन्सीत डॉक्टर तेच, आधीचे. ते शुगर आणि झटक्याचंच काहीतरी बोलत होते. मी त्यांचा कोट धरला. सगळ्यांसमोर. हिंदी, मराठी, जे तोंडात आलं त्यात सांगितलं. मोटरसायकल बंद पोर्चात चालते, जाळी काढलीये, सीओ ४.८ आहे, मी मोजलाय. कागद खोटा आहे. मी दिलाय.

डॉक्टरांनी नर्सला ओरडून ऑक्सिजनचा मोठा मास्क मागवला, रक्त पाठवलं. आणि काकांकडे वळून हळूच म्हणाले, "बाबूजी, मैंने तो पहली बार ही पूछा था, घर में धुआँ, गाड़ी, कुछ?"

काकांनी खिशातून मोबाइल काढला. मला दाखवला, डॉक्टरांना नाही. त्यावर माझ्या कागदाचा फोटो. म्हणाले, "विचारलं होतं. मी हा दाखवला. आपल्या उत्कर्षाने तपासलीये म्हटलं, गाडीचा प्रश्नच नाही."

भिंतीला टेकून खाली बसले मी. नऊ दिवस मला माहीत होतं. नऊ दिवस! पण त्याच्याही आधी, पाच तारखेलाच, काकू वाचल्या असत्या, आणि माझ्या सहीने त्यांना परत त्या खिडकीशी नेऊन बसवलं.

१८ जानेवारी, शनिवार

रक्तात सीओ सापडला. डॉक्टर म्हणतात, वेळेवर कळलं. कसलं वेळेवर! काकूंनी डोळे उघडले, पण कुणाला ओळखत नाहीत. काका माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. ह्यांनी काकांची गाडी ढकलत गॅरेजात आणली आणि रात्रीपर्यंत नुसते तिच्यासमोर बसून होते.

१९ जानेवारी, रविवार

काकूंनी पेज घेतली. मला म्हणाल्या, उत्कर्षा, केस बांध की. नावाने! बाथरूममध्ये जाऊन रडले, इतकं हलकं वाटलं.

दुपारी काका टपरीवर आले, चालत. मी उठून उभी राहिले. वाटलं शिव्या देतील, पोलिसांत देतो म्हणतील. त्यांनी विचारलं, "असे कागद आणखी किती जणांना दिलेस?"

मी कॉम्प्युटर उघडला. चारशेच्या वर, प्रत्येकापुढे मोबाइल नंबर. काकांनी स्टूल ओढलं, चष्मा घातला आणि म्हणाले, "लाव पहिला."